ऑफिसात माणसं अशी का वागतात? ओबीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बडोद्याच्या दांडियाबाजारातली पोरं बीबीए-एमबीएला जायला लागली तेव्हापासून दर परीक्षेच्या आधी कोणी ना कोणी दार वाजवतं, काका ओबी जरा समजावून द्या ना. मी काही प्रोफेसर नाही हो. मकरपुरा जीआयडीसीत एका मशीनिंगच्या कारखान्यात चौदा वर्षं शिफ्ट सुपरवायझर होतो, मग गुडघे बोलायला लागले आणि साहेबांनी एचआरला बसवलं, तिथे बारा वर्षं काढली. पुस्तकं तेव्हा वाचली, माणसं त्याच्या आधीच बघून झाली होती. प्रश्न तेच तेच येतात म्हणून एकदाच टाइप करून ठेवतोय, शुद्धलेखनाला हसू नका.

ओबी म्हणजे नक्की काय?

ऑर्गनायझेशनल बिहेवियर. पुस्तकात संघटनात्मक वर्तन लिहितात पण तसं बोलताना मी अजून कोणाला ऐकलं नाही. आमच्या आईला फोनवर सांगितलं की पोरांना ओबी शिकवतोय, तर म्हणाली अरे वा, जात्यावरच्या का रे? असो. कामाच्या जागी माणूस एकटा असताना कसा वागतो, चार जणांत बसला की कसा वागतो, आणि कंपनीचे नियम, पगार, शिफ्ट, कोण कोणाच्या शेजारी बसतो हे सगळं त्याला कसं वागायला लावतं, एवढाच विषय. कर्ट लेविन नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होता, जर्मनीतून अमेरिकेत गेलेला, त्याने १९३६ साली एका ओळीच्या सूत्रात मांडलं की वागणं हे माणूस आणि त्याच्या भोवतीची परिस्थिती या दोघांवर ठरतं. आता गंमत अशी की कारखान्यात काही बिघडलं की आपण त्यातलं अर्धंच वापरतो, कोणी केलं, नाव सांगा. भोवतीचं कोणी बघत नाही. खाली जे लिहिलंय ते बहुतेक त्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल आहे.

हे तर कॉमन सेन्स झालं, त्यात शिकायचं काय?

मलाही असंच वाटायचं, मग चहाचं प्रकरण झालं. आमच्याकडे सकाळी सातला शिफ्ट बदलायची, रात्रीचे जाणारे आणि सकाळचे येणारे दोघं मिळून मशीनच्या मागे एका लोखंडी टेबलापाशी चहा प्यायचे, कॅन्टीनमधून किटली यायची, दहा-बारा मिनिटं जायची. नवीन प्लांट हेड आले, त्यांनी हिशोब काढला की इतकी माणसं गुणिले इतकी मिनिटं म्हणजे महिन्याला एवढे तास पाण्यात, मग टेबल उचललं आणि गेटपाशी चहाचं मशीन लावलं, बटण दाबा, कप घ्या, चला कामाला. कॉमन सेन्सच होता तो, मीपण मान डोलावली. दोन-तीन आठवड्यांत सकाळच्या पहिल्या तासाचं रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढला. ऑपरेटर बदलून बघितला, मेमो दिला, मटेरियलवाल्याशी भांडलो, काही फरक नाही. शेवटी एक जुना सेटर म्हणाला, "साहेब, पहेलां तो चा पीतां पीतां कही देता हता."

काय सांगून द्यायचे, तर तीन नंबरच्या मशीनची साइज तासाभराने सरकते, ऑफसेट देत राहा, पाच नंबरच्या इन्सर्टची धार गेलीय, बदल मगच चालू कर, आणि पहाटे चारपासून कूलंट कमी येतंय. लॉगबुकमध्ये यातलं काही नसायचं, तिथे फक्त "ओके" आणि सही. टेबल परत आलं. किटलीपण आली, चहाचं मशीन मात्र तिथेच राहिलं कारण ते विकत घेतलं होतं. प्लांट हेड वाईट माणूस नव्हता, त्याला चहा दिसला, चहाबरोबर काय चाललं होतं ते दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर सव्वीस वर्षांतली तेरा-चौदा मी त्याच टेबलापाशी उभा राहून घालवली होती तरी मलापण दिसलं नव्हतं. पुस्तकात याला इन्फॉर्मल ऑर्गनायझेशन म्हणतात, भिंतीवरच्या चार्टमध्ये नसते ती.

एचआर आणि ओबी एकच का?

नाही. अप्रेझलचा फॉर्म छापणं, वाटणं, गोळा करणं हे एचआर. साहेबाने सगळ्यांना पाचपैकी तीनच का दिले हे ओबी.

हे सगळं सुरू कुठून झालं?

आधी टेलर. फ्रेडरिक टेलर, अमेरिकन इंजिनियर, १९११ साली त्याचं सायंटिफिक मॅनेजमेंटचं पुस्तक आलं, स्टॉपवॉच घेऊन कामाचे तुकडे मोजायचे आणि करायची एकच उत्तम पद्धत ठरवायची. त्याला शिव्या घालायची फॅशन आहे पण आपलं अर्धं शॉपफ्लोअर अजून त्याच्याच घड्याळावर चालतं.

मग हॉथॉर्न. हा प्रश्न पेपरात येतोच म्हणून नीट सांगतो. शिकागोला लागून सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनचं सामान बनवायचा हॉथॉर्न कारखाना होता, तिथे १९२४ ते २७ उजेडाचे प्रयोग झाले, दिवे जास्त केले तर काम वाढतं का. उत्तर काही धड येईना, कारण कधी उजेड कमी केला तरी काम टिकून राहायचं. नंतर १९२७ पासून रिले जोडणाऱ्या मुलींची एक लहान तुकडी वेगळ्या खोलीत बसवली, विश्रांती, कामाचे तास, पगाराची पद्धत बदलून बदलून बघितली. हार्वर्डचे एल्टन मेयो यात आले आणि पुढे सगळं त्यांच्या नावावर गाजलं. गाइडमध्ये निष्कर्ष असतो की माणसाकडे लक्ष दिलं की तो जास्त काम करतो. हे लिहा, मार्क मिळतील, पण उजेडाचे जुने आकडे नंतर लोकांनी शोधून काढून परत तपासले तेव्हा तो परिणाम गोष्टीत सांगतात तेवढा ठळक काही निघाला नाही, हेही एक ओळ टाका.

माझ्या मते हॉथॉर्नची खरी गोष्ट तिसरीच आहे आणि ती कोणी वाचत नाही. १९३१-३२ साली तिथे बँक वायरिंग रूम नावाची खोली होती, १४ पुरुष, टेलिफोन एक्स्चेंजच्या वायरी जोडायचे. जास्त काम केलं तर जास्त पैसे मिळणार होते. तरी दिवसाला किती करायचं हे त्यांनी आपसात ठरवलेलं होतं आणि त्याच्या वर कोणी गेला की त्याला चिडवायचे, दंडावर गुद्दा मारायचे, खूप कमी करणाऱ्यालाही सोडायचे नाहीत, आणि साहेबाकडे चुगली करणारा तर सगळ्यात वाईट.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गप्प बसलो. आमच्याकडे जवळच्या पादरा गावचा एक पोरगा लागला होता, आयटीआय, हात इतका चालायचा की शिफ्टला बाकीच्यांपेक्षा वीस-पंचवीस जॉब (मशीनवरचे तयार भाग) जास्त. पहिल्या महिन्यात मी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. दुसऱ्या महिन्यात त्याच्या बाइकची हवा जायला लागली, मायक्रोमीटर सापडेनासा झाला, जेवताना त्याच्या बाकावर कोणी बसेना. तिसऱ्या महिन्यात तो बरोबर सगळ्यांएवढे जॉब काढायला लागला. मी म्हटलं हा पण कामचोर निघाला! आता बाकीच्यांचं बघा. दोन वर्षांपूर्वी एकाने असंच जास्त काढून दाखवलं होतं आणि आम्ही सगळ्यांचं टार्गेट तेवढं करून टाकलं होतं. ते विसरले नव्हते, मी विसरलो होतो.

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडचं काय?

फार लांब जायला नको, अहमदाबादच बघा. कॅलिको मिलमध्ये ऑटोमॅटिक माग आले होते पण मनासारखं उत्पादन निघेना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस तिथे आले. एका शेडमध्ये २२४ माग, २९ माणसं, आणि त्या २९ जणांत १२ प्रकारची कामं वाटलेली, एक फक्त तुटलेले धागे जोडणार, एक फक्त कांड्या भरणार, एक फक्त तेल घालणार, असं. म्हणजे ठरावीक मागांची जबाबदारी ठरावीक चार जणांची असं काही नाहीच, कुठला माग बंद पडला तर कोणाला बोलायचं हेच धड ठरलेलं नाही. राइसने सुचवलं की सात-सात जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला काही माग पूर्ण सोपवून टाका. हे कामगारांनीच उचलून धरलं, कोण कोणाबरोबर ते त्यांनीच ठरवलं. उत्पादन वाढलं आणि कापड खराब होणं कमी झालं. माग तेच आणि माणसंही तीच होती हो. आमच्या एमबीएवाल्या पोरांना टोयोटा तोंडपाठ असतं आणि दोन तासांवरची ही गोष्ट माहीत नसते, याचा मला जरा रागच येतो.

अहमदाबादेतच विक्रम साराभाईंनी उभी केलेली अटिरा ही कापड संशोधनाची संस्था, तिथे कमला चौधरी गिरणीतल्या माणसांचा अभ्यास करत होत्या, पुढे १९६१ ला आयआयएम झालं त्यातही त्या सुरुवातीपासून होत्या. तिथलेच उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी सत्तरच्या दशकात एल अँड टीसाठी काम केलं आणि आपल्याकडे एचआरडी, म्हणजे ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट, हा शब्द तिथून रुळला.

पद मोठं असलं की लोक ऐकतातच ना?

बडोद्यात बसून हा प्रश्न विचारू नये. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर कोलंबियाला शिकले, आणि त्या कराराप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये इथे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शिक्षण बघा, पद बघा, आणि नेमणूक खुद्द महाराजांची. तरी ऑफिसातला शिपाई फाइल हातात देत नव्हता, लांबून टेबलावर फेकायचा, प्यायला पाणीही सरळ मिळत नव्हतं. राहायला जागा कोणी देईना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लोक काठ्या घेऊन आले आणि बाहेर काढलं. मग कमाटीबागेत झाडाखाली बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत. आपण त्या बागेत रविवारी पोरांना खेळायला नेतो.

ओबीच्या भाषेत फॉर्मल अथॉरिटी (पदाचा अधिकार) एकीकडे आणि ग्रुप नॉर्म (गटाचा अलिखित नियम) दुसरीकडे, पण या भाषेत ते फारच गुळगुळीत वाटतं. त्या शिपायाला महाराजांच्या हुकमाची भीती नव्हती का? असणार. पण त्याहून जास्त भीती संध्याकाळी ज्यांच्यात जाऊन बसायचं त्यांची होती, आणि फाइल फेकल्याबद्दल त्याला ऑफिसात कोणी विचारणार नाही हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. वरून महाराज कितीही चांगले असोत, मधल्या पायऱ्यांवरचे लोक डोळे मिटून घेत असतील तर हुकूम तिथेच थांबतो. आज कंपनीत डायव्हर्सिटीचं पोस्टर लावलेलं असतं आणि कॅन्टीनमध्ये कोण कोणाबरोबर डबा उघडतो ते बघा एकदा.

मॅस्लोचा पिरॅमिड पाठ करू का?

करा, माणसाच्या गरजांच्या पाच पायऱ्या आहेत, पोटापाण्यापासून वर चढत जाणाऱ्या, दहा मिनिटांचं काम. फक्त एवढं लक्षात असू द्या की मॅस्लोच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिडचं चित्रच नाही, ते नंतर दुसऱ्यांनी काढलं. आणि माणूस एक पायरी पूर्ण झाली की मगच दुसरीवर चढतो असं काही नसतं, महिनाअखेरीला खिसा रिकामा असलेला आमचा फिटर गणपतीत मंडळाच्या वर्गणीला पहिला उभा असायचा.

पगार वाढवला की काम वाढतं का?

हर्झबर्ग नावाच्या माणसाने पिट्सबर्गकडच्या दोनशेएक इंजिनियर आणि अकाउंटंटना विचारलं की नोकरीत फार छान कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं, १९५९ ला ते छापून आलं. वाईट वाटण्यात पगार, साहेबाची कटकट, कंपनीचे नियम असलं सगळं आलं आणि छान वाटण्यात काम फत्ते झालं, कोणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली हे आलं. म्हणजे पंखा बंद असला तर माणूस वैतागतो पण चालू आहे म्हणून खूश होऊन दुप्पट काम करत नाही. या अभ्यासावर टीका खूप आहे, कारण चांगलं झालं की आपण क्रेडिट स्वतःला देतो आणि वाईट झालं की कंपनीला, ते विचारण्याच्या पद्धतीतच आलं.

मला जास्त पटतो तो स्टेसी अ‍ॅडम्स, साठच्या दशकातला. तो म्हणतो माणूस स्वतःचा पगार मोजत नाही, शेजाऱ्याच्या पगाराशी मोजतो, मी किती घालतो आणि मला किती मिळतं, तो किती घालतो आणि त्याला किती. इन्क्रिमेंटची पत्रं वाटली त्या दिवशी आमचा एक क्वालिटीवाला दीड हजार वाढले म्हणून सगळ्यांना सेव उसळ खायला घेऊन गेला. पाव संपायच्या आत कळलं की दोन वर्षांनी ज्युनियर असलेल्याला अठराशे मिळालेत. बिल त्यानेच दिलं पण दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला बरोबर निघायला लागला, आधी सात व्हायचे. दीड हजार तेच होते हो. पगाराची पत्रं गुपित ठेवली म्हणून असलं टळत नाही, उलट लोक अंदाजाने मोजतात आणि अंदाज नेहमी जास्तच असतो. कोणाला किती आणि का हे आधीच्या आधी सांगितलेलं बरं, पण ते "का" आपल्यालाच माहीत नसेल तर काय सांगणार!

ग्रुप प्रोजेक्टमध्ये दोघंच राबतात, याला काही नाव आहे का?

सोशल लोफिंग. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनियरने माणसांना दोर ओढायला लावून मोजलं, १९१३ ला छापलं. माणसं वाढली की एकूण जोर वाढतो पण दर डोई कमी होतो, आठ जणांत प्रत्येकाचा जोर एकट्याच्या निम्म्यावर आला. विसर्जनाला मोठी मूर्ती टेम्पोत चढवताना बघा, मोरया ओरडणारे वीस, घाम फुटलेले सहा. उपाय सोपा आहे पण कंटाळवाणा, कोणाचं काम कोणतं ते वेगळं दिसलं पाहिजे आणि माणसं गरजेपेक्षा जास्त घेऊ नयेत.

मीटिंगमध्ये साहेब विचारतात "काही प्रॉब्लेम?" आणि सगळे गप्प, असं का?

कारण मागच्या वेळी बोललेल्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हॉफस्टेड नावाच्या संशोधकाने आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांच्या सर्व्हेवरून पॉवर डिस्टन्स मोजलं, वरच्या-खालच्यातलं अंतर लोक किती धरून चालतात, त्यात भारताचा आकडा ७७, म्हणजे बराच वर. पण हे वाचून "आपले लोकच असे" म्हणून मोकळं होऊ नका, तीच माणसं पानाच्या टपरीवर साहेबाची नक्कल करून दाखवतात.

एमी एडमंडसन या बाई हॉस्पिटलच्या टीम बघत होत्या, अंदाज असा की चांगल्या टीममध्ये औषधाच्या चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुका जास्त. नंतर उलगडलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. १९९९ च्या त्यांच्या पेपरनंतर सायकॉलॉजिकल सेफ्टी, म्हणजे चूक सांगायला भीती न वाटणं, हा शब्द सगळीकडे झाला. मी एवढंच केलं होतं की सकाळच्या मीटिंगमध्ये पहिली चूक माझी सांगायचो. पहिले पंधरा दिवस सगळे नुसते हसले, मग एकाने हळूच सांगितलं की काल गेज (माप तपासायचं साधन) पडला होता आणि तसाच वापरला. त्या दिवशी मी काहीही बोललो नाही, गेज कॅलिब्रेशनला पाठवला आणि घरी जाऊन चिडचिड केली.

साहेब कडक चांगला की मवाळ?

लेविन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९३९ ला शाळकरी मुलांचे क्लब घेऊन बघितलं, हुकूमशहा लीडर, विचारून करणारा लीडर, आणि मोकळं सोडून देणारा. हुकूमशहाकडे काम व्हायचं पण तो खोलीबाहेर गेला की बंद. आपल्याकडे पाटण्याच्या जे. बी. पी. सिन्हांनी १९८० ला वेगळं मांडलं, ते मला आपल्या मातीतलं वाटतं, की इथे माणसांना माया करणारा साहेब हवा असतो पण ती माया कामाशी बांधलेली असली पाहिजे, मूल आजारी असेल तर गाडी देईन पण डिस्पॅच चुकवलास तर ऐकून घ्यावं लागेल. आणि हळूहळू माणूस तयार झाला की त्याला मोकळं सोडायचं. आमचे बरेच शेठलोक पहिलं फार छान करतात, शेवटचं मात्र जमत नाही, वीस वर्षं झालेल्या माणसालाही अजून "दीकरा" म्हणून स्वतःच चेक तपासतात.

एक जण रोज लेट येतो, काय करावं?

आधी विचारा. अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) पाणी भरलं म्हणून मी लेट झालो तर पावसाची चूक आणि तुम्ही लेट झालात तर तुम्ही आळशी, असा हिशोब आपण सगळेच करतो, १९७७ ला ली रॉसने याला फंडामेंटल अ‍ॅट्रिब्यूशन एरर नाव दिलं. आमच्याकडे एक बेन रोज वीस मिनिटं लेट, दोन मेमो झाले, नंतर कळलं पोराची शाळेची रिक्षा पावणेआठला येते आणि शिफ्ट साडेसातची. आठची केली, विषय संपला. अर्थात एक असाही होता ज्याला चार वेळा विचारलं, चारही वेळा वेगळी आजी आजारी होती. तोही असतो.

पर्सनॅलिटी टेस्ट करून घेऊ का, ती चार अक्षरांवाली मायर्स-ब्रिग्ज?

गंमत म्हणून करा, त्यावरून नोकरीला घेऊ नका. थोड्या दिवसांनी परत दिली तर बऱ्याच लोकांची अक्षरं बदलतात. अभ्यासात बिग फाइव्ह, म्हणजे स्वभाव पाच गुणांवर मोजायची पद्धत, जास्त टिकलीय.

साहेब किंवा सहकारी त्रास देत असेल तर तेही ओबीच का?

सगळंच ओबीत ढकलू नका, काही गोष्टी कायद्याच्या असतात. लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच आणि तिची अध्यक्ष बाईच असते. समिती आहे का, कोण आहे, हे जॉइन होताना विचारून ठेवा. तिथे "जरा समजून घे" असं सांगणाऱ्याला माझं नाव सांगू नका.

नवीन लागलोय, नवरात्रात सुट्टी कशी मागू?

हा प्रश्न सिलॅबसमध्ये नाही पण दर वर्षी सगळ्यात जास्त हाच येतो. नऊ रात्री गरबा खेळून सकाळच्या शिफ्टला डोळे उघडत नाहीत हे साहेबाला माहीत असतं, तो स्वतःही खेळून आलेला असतो, त्यामुळे ताप आला वगैरे सांगू नका, पायाचे फोड दिसतात. सुट्टी नाही, शिफ्ट बदल मागा, सेकंड नको कारण ती संपेपर्यंत गरबा संपतो, जनरल मागा. एकटे जाऊ नका, लाइनवरच्या सगळ्यांनी आधी बसून कोण कोणत्या दिवशी उशिरा येणार याचा कागद करा, गरबा न खेळणारे दोन-तीन जण असतातच, त्यांना सकाळ द्या आणि बदल्यात उत्तरायणची (संक्रांतीची) सुट्टी त्यांची पहिली. तो कागद घेऊन घटस्थापनेच्या निदान दहा दिवस आधी जा. आमच्याकडे असा कागद पहिल्यांदा आणला तो तोच पादरा गावचा पोरगा, मी न वाचता सही केली.